तीन डोस घेऊनही टायटर येत नाही : लस, जनुकं आणि आमच्या घरातला एचएलए रिपोर्ट

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री १०:५०

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. नऊ वर्षं झाली, त्यातली शेवटची चार डायलिसिसला. धाकटी बहीणही नर्सच, सांगलीत. मी आधी जिथे होते तिथे रजिस्टरवर माझ्या नावापुढे हिपॅटायटिस बी लसीच्या तीन सह्या होत्या, प्रत्यक्षात डोस एकच मिळाला होता आणि टायटर (लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाली त्याचं माप) करून घ्या असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळे गेल्या वर्षी बहिणीबरोबर मी पूर्ण कोर्स नव्याने घेतला. शून्य, एक आणि सहा महिने. दोघींनाही दंडात आणि दर वेळी एकाच व्हायलमधून.

शेवटच्या डोसनंतर सहा आठवड्यांनी आम्ही अँटी-एचबीएस टायटर केलं. तिचं हजाराच्या वर आलं. माझ्या कागदावर होतं '२ पेक्षा कमी'. किमान १० लागतं हे इथल्या वैद्यकीय मंडळींना माहीत आहेच. नमुना बदलला असेल म्हणून पुन्हा रक्त दिलं, दुसऱ्या लॅबला. आकडा तोच. एचबीएसएजी (रक्तात विषाणू असल्याची खूण) निगेटिव्ह आहे, म्हणजे आधीपासून लागण आहे असंही नाही.

आता खरा मुद्दा. आमचे वडील, अण्णा, दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. किडनी देता येईल का हे पाहण्यासाठी आम्हा दोघींचं एचएलए टायपिंग (पेशींवरच्या जुळणीच्या खुणांची तपासणी) झालं होतं. परवा ती फाइल काढली. माझ्या रकान्यात डीआरबी१*०३ आणि डीआरबी१*०७, खाली दोन्हीकडे डीक्यूबी१*०२. बहिणीच्या रकान्यात डीआरबी१*१५ आणि *१३. अण्णांशी आम्ही दोघीही निम्म्या जुळतो, आणि एकमेकींशी मात्र कुठेच नाही. एका आईच्या पोटच्या आम्ही! वाचताना विचित्र वाटलं.

या लसीला प्रतिसाद न देणाऱ्यांमध्ये ०३ आणि ०७ जास्त सापडतात असं एका सीएमईत (वैद्यकीय प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात) ऐकल्याचं आठवतं. हे कितपत खरं आहे? आणि खरं असेल तर मी पुढे काय करायचं? रोज सुया हाताळते, म्हणून विचारते आहे.

---

पेशीपुराण | ११ जून, रात्री ११:३५

ताई, तुम्ही बरोबर ऐकलंय. पुण्यात प्रतिकारशास्त्रावर काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

या लसीत विषाणू नसतो. यीस्टमध्ये तयार केलेलं, विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन असतं. ते दंडात गेलं की आपल्या काही पेशी ते गिळतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि एचएलए नावाच्या रेणूत बसवून पृष्ठभागावर मांडतात. सोनाराकडे खडा कोंदणात बसवतात तसं. कोंदणात बसलेला हा खडा टी पेशींनी पाहिला आणि ओळखला, तरच त्या बी पेशींना अँटीबॉडी बनवायला मदत करतात.

हे कोंदण घडवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत, आणि माणसामाणसांत इतका फरक असलेली जनुकं आपल्या शरीरात दुसरी क्वचितच असतील. एखाद्याच्या कोंदणात या प्रथिनाचे तुकडे नीट बसत नाहीत. एखाद्याच्या कोंदणात बसतात, पण तो खडा ओळखणारी टी पेशीच त्याच्याकडे पुरेशी नसते. या दोन्ही शक्यतांवर काम झालेलं आहे आणि दोन्हींच्या बाजूने पुरावे आहेत.

बॉस्टनच्या चेस्टर आल्पर यांच्या गटाने १९८९ साली एक छान प्रयोग केला. बी८ आणि डीआर३ (म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला ०३) असलेला जनुकांचा एक ठरावीक गठ्ठा काही माणसांना आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेला असतो. अशी माणसं आणि तो गठ्ठा एकाच बाजूने मिळालेली माणसं, दोन्ही निवडून त्यांना लस दिली. ज्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी होता त्यांचा प्रतिसाद फारच कमी आला. एका बाजूला दुसरं काही असलं की बहुतेक वेळा काम भागत होतं. तुमच्याकडे ०३ एकाकडून आणि ०७ दुसऱ्याकडून आलाय, आणि दोघांसोबत तोच डीक्यूबी१*०२. पुढच्या अनेक अभ्यासांत कमी प्रतिसादाशी जोडलेले प्रकार म्हणून हेच तिन्ही पुन्हा पुन्हा पुढे आले. बहिणीचे १५ आणि १३ चांगल्या प्रतिसादाच्या यादीत आहेत.

तरी एक सांगतो. हेच प्रकार असलेल्या कितीतरी लोकांचं टायटर उत्तम येतं. रिपोर्ट पाहून 'हिला लस लागू पडणार नाही' असं आधी कोणी सांगू शकलं नसतं. टायटर आल्यावर मागे वळून पाहताना तो रिपोर्ट अर्थपूर्ण वाटतो, एवढंच.

---

निवृत्त_मास्तर | १२ जून, सकाळी ६:१०

माहितीपूर्ण धागा. एक शंका. सख्ख्या बहिणी आणि एकही खूण जुळत नाही, हे गणितात कसं बसतं?

---

पेशीपुराण | १२ जून, सकाळी ९:०५

मास्तर, सहज बसतं. हा गठ्ठा आईकडे दोन आणि वडिलांकडे दोन असतो. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. वडिलांचे ०३ आणि १५, आईचे ०७ आणि १३ धरा. थोरलीला ०३ आणि ०७ आले, धाकटीला उरलेले दोन. भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मी जुळण्याची ५० आणि अजिबात न जुळण्याची २५. आईवडिलांशी मात्र प्रत्येक मूल निम्मं जुळतंच.

---

ओवीची_आई | १२ जून, सकाळी ११:२०

डीक्यूबी१*०२ वाचलं आणि थांबले. माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे, गव्हातलं ग्लुटेन आतड्याला चालत नाही म्हणून गहू पूर्ण बंद. तिच्या रिपोर्टवर 'डीक्यू२ पॉझिटिव्ह' आहे. हे तेच का? बाळपणी पेंटाव्हॅलंटचे (हिपॅटायटिस बी धरून पाच रोगांवरची लस) सगळे डोस झालेत तिचे.

---

पेशीपुराण | १२ जून, दुपारी १:४०

हो, तेच. डीक्यू२ च्या रेणूचा एक भाग डीक्यूबी१*०२ मधूनच येतो. ग्लुटेनचे तुकडे या कोंदणात फार घट्ट बसतात, म्हणून सिलिअ‍ॅक. आणि त्याच कोंदणाच्या माणसांत हिपॅटायटिस बी लसीला कमी प्रतिसाद दिसतो. तान्ह्या बाळांचा प्रतिसाद मोठ्यांपेक्षा एरवी चांगला असतो, ९५ टक्क्यांच्या वर, म्हणून मुलांचं टायटर सरसकट करत नाहीत. सिलिअ‍ॅक असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. पथ्य नीट सुरू झाल्यावर पुन्हा डोस दिला तर पुष्कळ मुलांत टायटर येतं.

कृष्णाकाठ ताई, उलट बाजूही बघा. लसीला प्रतिसाद नाही आणि शोध घेतला तर लपलेला सिलिअ‍ॅक निघाला, असंही होतं. एक टीटीजी-आयजीए (त्याची रक्तचाचणी) करून घ्या.

---

आजीचा_बटवा | १२ जून, दुपारी ३:१५

म्हणजे काही शरीरं लस स्वीकारतच नाहीत हे शास्त्रच सांगतंय. मग सगळ्यांना एकच डोस, एकच वेळापत्रक कशाला? ज्याला लागत नाही त्याला टोचण्यात काय अर्थ?

---

कृष्णाकाठ | १२ जून, रात्री ९:३०

बटवा, मी स्वतः 'न लागलेली' आहे, म्हणून मनापासून उत्तर देते. निरोगी मोठ्या माणसांत ५ ते १० टक्के लोकांना तीन डोसनंतर पुरेसं टायटर येत नाही. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना येतं. मी कोणत्या गटात आहे हे डोस घेतल्याशिवाय कळणारच नव्हतं.

आणि ज्यांना येतं, त्यांच्यामुळे माझ्यासारखी सुरक्षित राहते. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस सुरू केली. तिथे तेव्हा मुलांमध्ये जवळपास दहात एक वाहक होता. पुढे ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं, मुलांमधला यकृताचा कॅन्सरही घटला. त्या मुलांमध्येही माझ्यासारखी काही असतीलच. आजूबाजूचा विषाणूच आटला म्हणून ती वाचली.

आमच्या युनिटला हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं असतं. लागण सक्रिय असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. एचआयव्हीचा ०.३ टक्के. लोक एचआयव्हीला घाबरतात, मला हिपॅटायटिस बीची भीती जास्त वाटते.

---

परदेशस्थ_अबोली | १३ जून, पहाटे २:२०

बर्मिंगहॅमहून. इथे एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) रुजू होताना टायटर दाखवावंच लागतं. इथली पट्टीही थोडी वेगळी आहे. १०० च्या वर असेल तर उत्तम, १० ते १०० मध्ये असेल तर एक जादा डोस, १० च्या खाली असेल तर पूर्ण कोर्स पुन्हा. माझं ४२ आलं होतं, एका डोसने ६०० झालं.

ताई, दुसरा कोर्स नक्की घ्या. पहिल्या वेळी न आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या कोर्सनंतर येतं. अमेरिकेत २०१७ पासून वेगळ्या सहायक द्रव्याची (लसीचा परिणाम वाढवायला त्यात घालतात ते) दोनच डोसांची लस आहे. १८ ते ५५ वयोगटातल्या चाचणीत तिच्यामुळे ९५ टक्के लोकांना संरक्षक टायटर आलं, नेहमीच्या लसीने ८१ टक्क्यांना. तेच सहायक द्रव्य हैदराबादच्या कोर्बेव्हॅक्स या कोविड लसीमध्ये वापरलं होतं, त्यामुळे नाव अगदी अनोळखी नाही.

---

पेशीपुराण | १३ जून, सकाळी १०:१५

अबोली यांच्या मुद्द्याला जोडून. जनुकं तीच राहतात, पण सहायक द्रव्य बदललं की निकाल बदलतो. नेहमीच्या लसीत फिटकरीच्या कुळातलं अ‍ॅल्युमिनियम असतं. नव्या लसीतलं द्रव्य पेशीतल्या टीएलआर-९ नावाच्या गजराला हात घालतं. कोंदण तेच, पण हाक मोठी.

आता 'जनुकांचा वाटा किती' याबद्दल. गँबियात जुळ्या बाळांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये आला. एकाच बीजापासूनची जुळी आणि दोन बीजांची जुळी यांची अँटीबॉडी ताडून पाहिली. हिपॅटायटिस बीसाठी फरकातला ७७ टक्के भाग आनुवंशिक निघाला, तोंडी पोलिओसाठी ६०, धनुर्वातासाठी ४४. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जुळ्यांच्या अभ्यासात गोवरासाठी सुमारे ८९ टक्के, गालगुंडासाठी ३९. एकाच सिरिंजमधून गेलेल्या एमएमआर लसीतल्या दोन घटकांत एवढा फरक!

---

निवृत्त_मास्तर | १३ जून, दुपारी १२:००

म्हणजे हिपॅटायटिसच्या बाबतीत माणसाच्या हातात फक्त २३ टक्के. असंच ना?

---

शिवार | १३ जून, रात्री ८:४५

मास्तर, मी मंगळवेढ्याचा शेतकरी, कृषी पदवीधर. आमच्याकडचा दाखला देतो. एकाच काळ्या रानात मालदांडी ज्वारी आणि एखादं हलकं वाण शेजारी पेरलं, पाणी-खत सारखं दिलं, तर उताऱ्यातला जवळपास सगळा फरक बियाण्याचा. तेच मालदांडी एकदा काळ्या रानात आणि एकदा मुरमाड माळावर पेरलं तर सगळा फरक रानाचा. बियाण्याचा वाटा किती, हे रान किती सारखं होतं त्यावर ठरतं. गँबियातली जुळी एका घरात, एका आईच्या दुधावर, एकाच वयाला टोचलेली. रान सारखं, म्हणून बियाणं ठळक दिसलं. हा वाटा त्या गटातल्या फरकाचा आहे. ज्वारीच्या एका ताटाचा उतारा कापून एवढा बियाण्याचा, एवढा रानाचा असं म्हणता येत नाही.

---

पेशीपुराण | १३ जून, रात्री ९:२०

शिवार, हे मी वर्गात वापरणार आहे. परवानगी असावी.

मुरमाड माळाचं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९७० च्या दशकात वेल्लोरला डॉ. टी. जेकब जॉन यांना दिसलं की तोंडी पोलिओ लसीचे तीन डोस आपल्या मुलांना श्रीमंत देशांतल्या मुलांइतके पुरत नाहीत. रोटाव्हायरसचंही तसंच. रोटाव्हॅक या भारतीय रोटाव्हायरस लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात सहा हजारांवर बाळांवर झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून संरक्षण ५६ टक्क्यांच्या आसपास मिळालं. युरोपात अशा लसींचं ८५ च्या वर जातं. याला आतड्यातले इतर जंतू, आईकडून आलेली अँटीबॉडी, पोषण अशी कारणं आहेत. जनुकांचाही वाटा आहे. एफयूटी२ नावाचं जनुक काहींमध्ये बंद असतं. त्यांच्या आतड्याच्या अस्तरावर रोटाव्हायरसच्या काही प्रकारांना धरायला जागाच नसते. त्यांना तो रोगही कमी होतो आणि ती तोंडी लसही कमी लागू पडते, कारण लसीतला विषाणूही तीच जागा शोधतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

---

घाटमाथा | १४ जून, सकाळी ७:३०

आमच्या समाजात बरेच जणांचं टायटर कमी आलंय असं ऐकतो. जातीनुसार काही ठरतं का? पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आतच झालेली.

---

पेशीपुराण | १४ जून, सकाळी ११:५०

आतल्या आत लग्नं झाली की एचएलए प्रकारांचं प्रमाण समाजासमाजात वेगळं होतं, हे खरं. पण प्रत्येक समाजात सगळे प्रकार मिसळलेले असतात. वर बघा, एका घरातल्या दोन बहिणी दोन टोकांना आहेत. आडनावावरून लसीचा अंदाज बांधायला गेलात तर सख्ख्या बहिणीचाही चुकेल. 'ऐकतो' याच्या मागे पुष्कळदा साधी कारणं असतात. लस गोठलेली असते (फ्रीजच्या बर्फाजवळ ठेवली की ही लस वाया जाते), कुल्ल्यावर दिलेली असते, वय चाळिशीपुढचं, वजन जास्त, मधुमेह, तंबाखूचा धूर. आणि सगळ्यांत मोठा घोळ म्हणजे टायटर दहा वर्षांनी केलेलं असतं. एकदा १० च्या वर गेलेलं टायटर काही वर्षांनी खाली येतंच. निरोगी माणसात पेशींची आठवण टिकून असते, ती व्यक्ती नॉन-रिस्पॉन्डर (लसीला प्रतिसादच न देणारी) नव्हे. म्हणून शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत टायटर करायचं.

---

घाटमाथा | १४ जून, दुपारी १२:१०

समजलं. आमच्याकडे सगळ्यांनी पाच-सात वर्षांनीच केलं होतं.

---

अनामिक_आई | १५ जून, रात्री ११:५५

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. आमच्या बाळाला जन्मानंतर बीसीजी दिली. तिसऱ्या महिन्यात काखेत सुपारीएवढी गाठ आली, मग ती फुटली, ताप जाईना. कितीतरी दिवस 'बीसीजीने येते गाठ, जाईल' हेच ऐकलं. शेवटी मुंबईत परळला राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिर विज्ञान संस्थेत रक्त गेलं आणि कळलं की आयएल-१२ (प्रतिकार पेशींमधला एक निरोप) च्या ग्राहकाच्या जनुकात दोष आहे. बीसीजीतला जिवंत, दुबळा जंतू बाकीच्यांना सहसा असा त्रास देत नाही, आमच्या बाळाला त्याने दिला. औषधांनी बाळ सावरलं, आज चार वर्षांचं आहे.

आमचं आधीचं बाळ पाच महिन्यांचं असताना संसर्गाने गेलं होतं. लस देताना हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

---

कृष्णाकाठ | १६ जून, सकाळी ६:४०

तुम्ही लिहिलंत, फार मोठं केलंत. आज ड्यूटीवर लसीकरणाच्या सिस्टरना सांगते, 'आधीचं मूल तान्हेपणी गेलंय का' हा प्रश्न बीसीजीआधी विचारत जा म्हणून.

---

पेशीपुराण | १६ जून, सकाळी १०:३०

ताई, लेकरू सावरलं हे वाचून बरं वाटलं. हे दोष फार विरळ असतात, लाखांत मोजके. आणि फक्त जिवंत लसींपुरते. कृष्णाकाठ यांच्यासारखा एचएलएचा फरक वेगळा, त्यात लस त्रास देत नाही, फक्त पोचत नाही.

---

निवृत्त_मास्तर | १६ जून, सायंकाळी ५:००

कोविशील्डबद्दल असं काही निघालं का? आमच्या घरात पाचही जणांनी पुण्याचीच घेतली होती.

---

पेशीपुराण | १६ जून, रात्री ८:१०

निघालं. कोविशील्ड ज्या मूळ लसीवरून पुण्यात बनली तिच्या ब्रिटनमधल्या चाचण्यांत भाग घेतलेल्यांची जनुकं ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तपासली. डीक्यूबी१*०६ असलेल्यांची अँटीबॉडी सरासरीने जास्त होती आणि लसीनंतर लागण होण्याचं प्रमाणही कमी. वर आलेल्या डीआरबी१*१५ सोबत हा ०६ बहुधा जोडीनेच येतो, म्हणजे कृष्णाकाठ यांच्या बहिणीकडे तो असणार. पण तो फरक उन्नीस-बीसचा होता, हिपॅटायटिससारखा 'आहे किंवा नाही' असा नव्हे.

---

कृष्णाकाठ | २८ जानेवारी, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. दुसरा कोर्स डिसेंबरमध्ये संपला, काल टायटर आलं. ६.४.

टीटीजी-आयजीए निगेटिव्ह आहे, सिलिअ‍ॅक नाही. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (पूर्वी लागण झाल्याची खूण) दोन्ही निगेटिव्ह. फिजिशियन सरांनी स्पष्ट लिहून दिलं, नॉन-रिस्पॉन्डर. रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग सरांनीच समजावलं. नीडल प्रिक झाला आणि पेशंट पॉझिटिव्ह असला तर हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (एचबीआयजी) घ्यायचं, २४ तासांच्या आत, आणि एक महिन्याने दुसरा डोस. तयार अँटीबॉडी बाहेरून मिळते, माझ्या कोंदणाला काही करावं लागत नाही.

अण्णांनाही डायलिसिसच्या पेशंटचे दुप्पट मात्रेचे चार डोस झालेत. त्यांचं टायटर १४ आलं. त्यांच्याकडे १५ आहे, तरी किडनी गेल्यामुळे १४ वरच. बियाणं बरं, रान थकलेलं, शिवार म्हणतील तसं.

---

परदेशस्थ_अबोली | २९ जानेवारी, पहाटे ३:०५

ताई, वाईट वाटलं. युनिट बदलून मागणार का?

---

कृष्णाकाठ | २९ जानेवारी, रात्री ९:५०

नाही. मेट्रननी पॉझिटिव्ह मशीनची पाळी माझ्याकडून काढली, तेवढं पुरे आहे. इम्युनोग्लोब्युलिनची एक व्हायल आमच्या फार्मसीच्या फ्रीजमध्ये कायम राहील अशी लेखी सोय झाली. युनिटमधल्या सगळ्यांचं टायटर या आठवड्यात केलं, अकरा जणी. दोघींचं १० च्या खाली आलंय. त्यातल्या एकीचे तीन डोस सहाच आठवड्यांपूर्वी संपले होते, तिचा दुसरा कोर्स सोमवारपासून सुरू. दुसरीचे डोस सात वर्षांपूर्वीचे, तिला आधी एक डोस देऊन महिन्याने पुन्हा बघणार आहोत.

बहिणीने मला एक कार्ड लॅमिनेट करून दिलंय, ओळखपत्राच्या मागे लावायला. त्यावर तिच्या अक्षरात आहे : 'हिपॅटायटिस बी लस, ६ डोस, नॉन-रिस्पॉन्डर. सुई टोचल्यास लगेच एचबीआयजी.' खाली रक्तगट आणि तिचा फोन नंबर.